पानी बेस आहे

आंबागड
२६ ऑक्टोबर २०२५

नीतू,

तुझ्या पत्र्याच्या पेटीला खालून गंज लागला आहे. आतली नर्सिंगची पुस्तकं काढून मी माळ्यावर ठेवली. पेटी भंगारात द्यायची की ठेवायची, ते कळव. एवढ्यासाठीच लिहायला बसले. माफी मागायला बसलेले नाही, आणि तूही मागू नकोस. आपल्या घरात ते कोणालाच धड जमत नाही.

फोनवर विचारलं असतं, पण माझा नंबर तू वर्षभर ब्लॉक करून ठेवलास. रुखमिणी आजीच्या फोनवरून लावला तर "हॅलो" म्हणालीस आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून नागपूरला तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर हे पाठवते. तुझ्या मैत्रिणी हसतील, आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून. हसू दे. सात वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली आहेत मी, अक्षर काही वाईट नाही.

इकडं सगळं ठीक आहे. धान कापणीला आलं. मंडईची जत्रा जवळ आली, छोटूभाऊंनी यंदाही दंडार ठरवली आहे. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांना नाचाचं भारी कौतुक. तलावात माशांचं बीज टाकून तीन महिने झाले.

मशीन अजून तलावातच आहे.

काढलं का नाही, असं म्हणशील. कोण काढणार? सगळे तलावाच्या बांधावर, पाळेवर उभे राहून एकमेकांची तोंडं बघतात. आत तुझ्या बाबांचा आवाज आहे. बाबांना जाऊन वर्ष होत आलं आणि ते अजून सकाळ-संध्याकाळ सांगतात, "पानी बेस आहे." मी पाळेवरून जाणं सोडलं होतं. आता पुन्हा जाते. का, ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुला बरंचसं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते. गावात जो तो आता आपापली गोष्ट सांगतो, आणि खरी गोष्ट कुठंतरी लिहिलेली असावी असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वी तो भंडाऱ्याचा राजकुमार आला. इंजिनियर, पांढरे बूट घालून चिखलात उतरला तेव्हाच मी म्हटलं, हा पोरगा एक तर फार हुशार आहे नाहीतर फार भोळा. त्याची कंपनी होती, पाणबोली नावाची. पांढरा डबा तलावाच्या मधोमध तरंगत ठेवायचा, वर उन्हावर चालणारी पाटी, खाली पाण्यात एक दांडी. ती दांडी म्हणजे मशीनची जीभ. पाण्यात माशांना पुरेसा श्वास आहे की नाही, ते तिला कळतं, आणि मशीन ते बोलून सांगतं. आपल्या लोकांना मोबाइलवरचे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून बोलणारं मशीन. आवाज हवा होता गावातला. त्यानं तुझ्या बाबांना निवडलं.

निवडणारच. जाळं ओढायच्या दिवशी हिस्से कोण पुकारायचं? पाळेवर घरागणिक मासळीचे ढीग लागायचे आणि बाबा एकेक नाव तीन वेळा पुकारायचे. घरचं माणूस "हव" म्हणालं की ढीग त्याचा. तिसऱ्या हाकेलाही कोणी बोललं नाही तर तो हिस्सा परत पाण्यात. लहानपणी तू त्यांच्या मागं उभी राहून सगळ्यांच्या नावाला "हव" म्हणायचीस आणि मार खायचीस.

आपल्या घरात खिडक्यांना गोधड्या लावून, कोंबड्या हाकलून, तीन दिवस त्यांचा आवाज भरला. एक ते शंभर आकडे. मग सुटे सुटे शब्द. पानी. बेस. कमी. आहे. नाही. लवकर या. राजकुमार म्हणाला, "काका, तोडून तोडून बोला. मशीन लागेल तसं जोडून घेईल." मी चहा देताना म्हटलं, "घरात दिवसभर शब्द बोलत नाही हा मानूस, अन् डब्यासंग तीन दिवस बोलून राहिला." बाबा लाजले होते.

त्याच पावसाळ्यात एका पहाटे मशीन ओरडलं, "पानी बेस नाही. लवकर या." लोक पळत गेले, पंप लावून पाणी उसळवलं, मासे वाचले. त्या दिवसापासून गावानं त्या डब्याला हात जोडले. मीसुद्धा.

बाकी तुला माहीतच आहे. बाबा डोंगा हाकत मशीन पुसायला गेले आणि पाय घसरून पाण्यात पडले.

पेटीचं कळव.

आई


३ नोव्हेंबर २०२५

नीतू,

पेटीचं कळवलं नाहीस. ठेवते मग.

मागच्या वर्षी जूनमध्ये राजकुमार पुन्हा आला. सोसायटीच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. म्हणाला, शहरातली मोठी माणसं अशा नव्या कंपन्यांत पैसे टाकतात आणि मालक होतात, मग ज्यांच्या तलावावर हे मशीन मोठं झालं त्यांनी का होऊ नये? मोबाइलवर एक वेबसाइट होती. देशभरातले लोक तिथं थोडे थोडे पैसे टाकत होते. कोणी पाच हजार, कोणी दहा. आपल्या गावातून सत्तावीस नावं झाली. आपल्या मासेमार धीवरांचीच नाही, मास्तरांचं, किराणावाल्या साधनाबाईचं, सगळ्यांचं.

पण खरी गंमत पुढं होती. त्यानं सांगितलं की रोज संध्याकाळी साडेपाचला मशीन मालकांची नावं घेईल. बाबांनी सत्तावीस नावं भरून दिली, तीन तीन वेळा, हिस्से पुकारायच्या सुरात. लोक पैशाच्या लोभानं फसले असं तू म्हणशील. मला वाटतं, लोक त्या हाकेनं फसले. आपलं नाव तलावावरून ऐकू येतं म्हटल्यावर कोण घरी बसेल? म्हातारे, पोरं, नव्या सुना, सगळे पाळेवर यायचे. नाव आलं की हसत "हव" म्हणायचे.

बाबा गेल्यावर कोणी "हव" म्हणेना. ते मात्र पुकारत राहिले. सत्तावीस नावं, तीन तीन वेळा, आणि मधे नुसतं पाणी. लोक साडेपाचच्या आत गुरं घरी आणू लागले.

या ऑगस्टात रुखमिणी आजी पाळेवर जाऊन बसली. तिचे दोन्ही डोळे गेले आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन करणार होती ते पैसे तिनं त्यात टाकले होते. तिचं नाव आलं. तिसऱ्या हाकेला ती म्हणाली, "हव रे मंगरू. आयकलं. नाही मिळे त राहू दे."

दुसऱ्या दिवशी मशीननं सव्वीस नावं घेतली. आजीचं घेतलं नाही.

गावात आधी घबराट झाली, आता म्हातारी जाते म्हणून. म्हातारी कुठंही गेली नाही. उलट म्हणाली, "मले लय दिवसांनी झोप लागली." मग छोटूभाऊ गेले. त्यांनी "हव" म्हटलं, दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव गेलं. मग साधनाबाई. मास्तर आठ दिवस म्हणत होते की हा योगायोग आहे, नवव्या दिवशी तेही जाऊन आले. कोणी रडून "हव" म्हटलं, कोणी शिवी देऊन. नाव दोन्ही वेळा गेलं.

आता एकच उरलं आहे. रोज साडेपाचला पाळेवर शांतता असते आणि तुझे बाबा तीन वेळा एकच नाव पुकारतात. त्या नावाचं माणूस उत्तर द्यायला इथं नाही.

नीतू मंगरू.

आई


१० नोव्हेंबर २०२५

नीतू,

पत्र मिळालं असेल. "माझं नाव त्यात कसं?" हेच तू विचारत असशील. तू कधी काही विचारल्याशिवाय राहिली आहेस?

पुढच्या शिक्षणाच्या फीसाठी तू दर महिन्याला माझ्या खात्यात जे टाकत होतीस, ते चाळीस हजार मी त्यात टाकले. तुझ्या पॅन कार्डाची झेरॉक्स घरात होती, मोबाइल माझा होता, बटण मी दाबलं. बाबांना सांगितलं की नीतूला विचारलं आहे. ते खूश झाले. तुझं नाव त्यांनी सगळ्यांत शेवटी भरलं आणि राजकुमारला म्हणाले, "हे जरा बरोबर येऊ दे." दोनदा पुसून पुन्हा भरलं.

मागच्या वर्षी मंडईला आलीस तेव्हा दोन्ही दिवस पाच वाजताच मी तुला बाजारात ओढून नेलं, आठवतं? तू म्हणालीस, "आई, कवाच्या बांगड्या पाहून राहिली." मला बांगड्या नको होत्या. साडेपाच टळायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी सोसायटीची सभा होती आणि तूही सहज म्हणून आलीस. वेबसाइटवरचा कागद तू रात्री मोबाइलवर वाचला होतास. उभी राहिलीस. "कोनी वाचलं का हे? कंपनी बुडाली त एक रुपया वापस नाही. हिस्सा इकाचा म्हटलं त घेनारा आपनच शोधाचा. मोठ्याइचे पैसे आधी, आपले मंग. अन् कधी भेटन, त्याची तारीखच नाही. बाबा, तुमी विचारलं काहून नाही?"

बाबांनी मान खाली घातली. मी उठून सगळ्यांसमोर तुझ्या तोंडात मारली.

आपल्याकडं बीज टाकलं की जाळं ओढेपर्यंत तलावाला काही विचारायचं नसतं. किती वाढले, किती मेले, कोणी तोंडातून काढत नाही. लहान पोरानं विचारलं तरी त्याला गप्प करतात. विचारलं की पाणी रुसतं. मी जन्मभर हेच पाळलं, आणि माहेरीही हेच होतं. पाण्यातलं दिसत नाही, पण ते असतं, आणि वेळ आली की हिस्सा मिळतोच. राजकुमारच्या कंपनीलाही सगळ्या गावानं तोच नियम लावला. सहा महिने कोणी एक फोन केला नाही त्याला. तो स्वतःच एकदा म्हणाला होता, "तुमच्यासारखे शांत गुंतवणूकदार मला कुठं मिळाले नाहीत." आम्हाला ती शाबासकी वाटली.

या फेब्रुवारीत सगळ्यांच्या मोबाइलवर इंग्रजीत काहीतरी आलं. कंपनी बंद होते आहे, कोणाला काही म्हणायचं असेल तर तीस दिवसांत कळवा. हे मला पुढं मास्तरांकडून कळलं. तेव्हा छोटूभाऊ म्हणाले, जाळं ओढायच्या दिवशी विचारू. मे महिन्यात जाळं ओढलं, धड दोन टोपल्या मासळी निघाली, आणि मग आम्ही भंडाऱ्याला गेलो. कंपनीच्या जागेवर शिकवणीचा बोर्ड होता. राजकुमारच्या घरी त्याच्या आईनं चहा दिला. तो हैदराबादला नोकरीला लागला आहे, गाडी विकली, तिचे दागिनेही त्यातच गेले. ती रडली. मग आम्हीच तिला समजावून परत आलो.

नाकाडोंगरीचा सुगत आहे ना, मोबाइल दुरुस्तीवाला? त्याला बोलावलं होतं. राजकुमारनं आपल्याकडं एक जादा मशीन ठेवलं होतं, तसंच. सुगतनं ते उघडून पाहिलं. मी विचारलं, "माणसानं 'हव' म्हटलं तर त्याला ऐकू येतं का?"

तो म्हणाला, "काकू, याले कानच नाही. निस्तं तोंड आहे."

"मग नावं कशी गेली?"

"कार्ड खराब होऊन राहिलं असन. एक एक नाव मिटून राहिलं."

मग मी त्याला तांदळाच्या डब्यातून काढून एक वस्तू दाखवली. मशीनची दांडी. जीभ. तिच्यावर बोटभर शेवाळ वाळलं होतं. सुगत म्हणाला, ही दर दोन महिन्यांनी साफ करावी लागते, हिचं टोपण बदलावं लागतं, हे शेवाळ कितीतरी दिवसांचं आहे. तेव्हापासून मशीनला पाणी कळतच नव्हतं. आणि काही कळलं नाही की ते एवढंच म्हणतं, बेस आहे. "आता त दांडीच नाही," तो म्हणाला. "ते 'नाही' म्हनूच शकत नाही, काकू."

दांडी माझ्याकडं कशी आली, ते त्यानं विचारलं नाही. तू विचारशील.

परवा मी पाळेवर गेले. तुझं नाव आलं, तिसऱ्या हाकेला मी "हव" म्हटलं. आवाज बारीक करून, तुझ्यासारखा. काल पुन्हा तेच नाव आलं. त्यांना तुझा आवाज माहीत आहे.

आई


१६ नोव्हेंबर २०२५

नीतू,

हे पत्र एकटी असताना वाच.

बाबा मशीन पुसायला गेले नव्हते.

तू गेल्यावर नऊ दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तीन दिवस आभाळ आलं होतं, वारा नव्हता; अशा वेळी पाण्यातला श्वास सरतो. विसाव्या तारखेला उजाडायच्या आधी ते तलावावर जाऊन आले. पाय ओले, अंगणात उभे. म्हणाले, "गुणा, मासे वर येऊन तोंड वासून राहिले. अन् माहाच आवाज सांगून राहिला, पानी बेस आहे."

मी पडून राहिले.

"पोरगी खरं बोलली व. तिले फोन लाव. अन् चाल, डोंगा धर, मी ते मशीन काढतो."

डोंग्यात दोघं लागतात, हे तुला सांगायला नको. एकानं काठीनं तोल धरायचा, तेव्हा दुसऱ्यानं वाकायचं. एकटा माणूस मधोमध वाकला की डोंगा कलंडतोच. त्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर मला बोलावत होते.

मी म्हटलं, "मले झोप येऊन राहिली."

झोप नव्हती. गेले असते तर सगळ्या गावानं पाहिलं असतं की मंगरूनं आणि गुणाबाईनं आपल्या हातानं मशीन काढलं. म्हणजे तू खरी. म्हणजे माझी थप्पड खोटी, आणि तुझे चाळीस हजार मी पाण्यात घातले, ते तुला सांगावं लागलं असतं. एवढ्यासाठी मी गोधडी तोंडावर ओढली.

त्यांनी काठी उचलली. अंगणातून हाक मारली, "गुणा." थांबले. पुन्हा "गुणा." तिसरी हाक फाटकापाशी मारली, हळू, शेजारी उठू नये म्हणून. तिन्ही मी ऐकल्या.

आठ वाजता छोटूभाऊंनी त्यांना बाहेर काढलं. मुठीत दांडी होती. मशीन निघालं नाही, जीभ तेवढी उपटून आली. मी ती मूठ सोडवली आणि दांडी पदरात घेतली. लोकांना म्हटलं, पुसायला गेले होते. तलावातले सगळे मासे त्या दिवशी मेले, सगळी पाळ पांढरी झाली. त्याचंही कारण हवं होतं लोकांना. मी तुला फोनवर काय म्हणाले ते तू विसरली नसशील. "तुह्या विचारन्यानं खाल्लं त्यायले. येऊ नको."

आणि तू आली नाहीस. बाबांचं तोंड तुला पाहू दिलं नाही मी. ही गोष्ट मला माफ करण्यासारखी नाही, आणि तू करूही नकोस.

फक्त एक कर. येत्या गुरुवारी वीस तारीख आहे. साडेपाचला पाळेवरून मी तुला फोन लावीन. तेवढ्यापुरता माझा नंबर मोकळा कर. मी काही बोलणार नाही. फोन पाण्याकडं धरीन. त्यांनी पुकारलं की तुला वाटलं तर "हव" म्हण. नाही वाटलं तर ठेवून दे. पण एकदा त्यांना तुझा आवाज ऐकू दे. कान नाही म्हणे त्याला. नसू दे.

गुणा


२१ नोव्हेंबर २०२५

नीतू,

तू फोन उचललास. पाळेवर रेंज किती असते ते तुला माहीत आहे, मधेच कट झाला आणि पुन्हा लागला नाही. तुला शेवटचं ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून रात्रीच लिहायला बसणार होते, पण रात्र पंपापाशी गेली. आत्ता दुपार आहे.

काल सगळे आले होते. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी आले. रुखमिणी आजी पुढं बसली होती. परवापासून आभाळ होतं, मागच्या वर्षीसारखंच. पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

साडेपाचला मशीन म्हणालं, "पानी बेस आहे." मग "नीतू मंगरू." मी फोन वर धरला. "नीतू मंगरू." तुझा श्वास मला ऐकू येत होता. "नीतू मंगरू."

मला वाटलं, आता तू "हव" म्हणशील. सगळ्यांनाच वाटलं. तू म्हणाली नाहीस. स्पीकर चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. तू विचारलंस, "बाबा, पानी कसं आहे?"

बीज तलावात असताना. सगळ्या गावासमोर, पुन्हा. बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि या वेळी तुला गप्प करायला माझा हात उठला नाही.

 फोन कट झाल्याचा टूं टूं आवाज आला. मग पाण्यातून बाबा बोलले.

"पानी बेस नाही."

थांबून पुन्हा, "लवकर या."

सुगत पाळेवर होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो चपला तिथंच टाकून पंप आणायला पळाला.

दोन पंप रात्रभर चालू ठेवले. पहाटे मासे वर आले होते, तोंडं वासून, पण मेले थोडे. बाकीचे उजाडल्यावर खाली गेले. छोटूभाऊ मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरीनं विचारलं नसतं त आज पाळ पांढरी झाली असती." मी म्हटलं, मागच्या वर्षीही विचारलं होतं तिनं. मग सगळ्यांसमोर मी त्यांना सांगितलं. दांडीचं, मुठीचं, गोधडीचं.  आजीनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सकाळी मी आणि छोटूभाऊ डोंगा घेऊन गेलो. त्यांनी काठी धरली, मी वाकले. मशीन सहज निघालं, काहीच वजन नव्हतं. सुगत उघडून पाहू म्हणाला, मी उघडू दिलं नाही. आत्ता ते घरात आहे, तुझ्या पेटीवर ठेवलं आहे. वरच्या पाटीच्या बाहेरच्या तारा सुगतनं काढून नेल्या. ते आता बोलणार नाही.

इथवर लिहून पत्र बंद करणार होते. मग शेळी बांधायला उठले. आता साडेपाच होऊन गेले आहेत, आणि हे लिहायलाच हवं.

मशीन माझ्यासमोर पेटीवर गप्प होतं. तलावावर आता काही नाही. तरी तलावाकडून हाक आली.

"गुणा."

माझं नाव यादीत नव्हतं, नीतू. ते कोणी भरून घेतलं नव्हतं. दुसरी हाक आली तेव्हा शेळीनं मान वर केली. तिसरी हळू होती, फाटकापाशी असल्यासारखी, शेजारी उठू नये म्हणून.

या वेळी मी गोधडी ओढली नाही. अंगणात जाऊन म्हटलं, "हव."

म्हटलं आणि पाय आपोआप चालू लागले, तलावाच्या वाटेला. फाटकाशी आल्यावर भान आलं. फाटकाची कडी दोन्ही हातांनी धरून मी म्हटलं, "आज नाही. पोरीले येऊ द्या. डोंग्यात दोघं लागतात."

उद्या साडेपाचला पुन्हा हाक येईल, मला माहीत आहे. मी "हव" म्हणून बसले आहे, ते आता मागं घेता येत नाही. रुखमिणी आजी रोज संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसेन म्हणते, पण ती आंधळी आहे, मला किती धरून ठेवेल?

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे. मिळाल्या दिवशीची गाडी पकड. पेटी मी भंगारात दिलेली नाही.

आई